चार बोटं

कोणी वय विचारलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो. लोकांना वाटतं, बाईला पन्नाशी लपवायची आहे. वाटू दे. खरं कारण मी फारसं कोणाला सांगितलेलं नाही. ते सेरंगूनच्या एका जुन्या कॉन्डोत आठव्या मजल्यावर, समोरासमोरच्या दोन दारांमध्ये घडलं. दोन हजार तीन साली, सार्सची साथ होती तेव्हा.

आम्हाला सिंगापूरला येऊन दीडेक वर्ष झालं होतं. नवरा आयटीत, ऑफिस पाया लेबारला. मी डिपेंडंट पासवर, नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारावर, म्हणजे घरात. पुण्यात मी एक दिवस रिकामी बसले नव्हते. वडिलांचं मेडिकलचं दुकान होतं आणि कॉलेज संपल्यापासून लग्न होईपर्यंत मी त्या काउंटरला उभी होते. फार्मसीची डिग्री भावाची. भिंतीवर त्याचं सर्टिफिकेट आणि काउंटरवर मी, असा कारभार. गल्लीतल्या निम्म्या बायका डॉक्टरकडे न जाता माझ्याकडे यायच्या. पोराला ताप आहे, नाक वाहतंय, काय देऊ? मी एकच प्रश्न विचारायची, "वय किती?" उत्तर येईपर्यंत माझा हात बाटलीवर गेलेला असायचा. पाव चमचा, अर्धा चमचा, एक चमचा. कधी चुकले नाही, निदान चुकल्याचं कोणी सांगायला आलं नाही. त्यामुळे मी स्वतःला डॉक्टरच्या वरची समजायची. दीडशहाणी होते, दुसरा शब्द नाही.

इकडे येताना मी लोणच्याच्या बरण्या कमी आणल्या आणि औषधं जास्त. बेडरूमच्या कपाटात एक अख्खा खण भरलेला होता. तापाचं, खोकल्याचं, पोटाचं, अॅलर्जीचं. आपली मंडळी सगळीच थोडीफार आणतात, पण माझा खण बघून आमच्या ओळखीच्या बायका हसायच्या आणि दुखलं-खुपलं की तिथेच यायच्या. इथे परवानगीशिवाय नोकरी करता येत नव्हती. तो खण हीच माझी नोकरी होती म्हणा ना.

समोरच्या दारात कोरियन कुटुंब आलं नोव्हेंबरात. तो जहाजबांधणीच्या कुठल्यातरी कोरियन कंपनीत इंजिनियर, ती माझ्याच वयाची दिसणारी, सडपातळ, आणि एक मुलगी. बाईला इंग्रजीचे जेमतेम वीस शब्द येत असतील. तिच्याकडे कंपासपेटीएवढी एक इलेक्ट्रॉनिक डिक्शनरी होती. ती त्यात कोरियन टाइप करायची, इंग्रजी शब्द उमटला की स्क्रीन माझ्यासमोर धरायची. पहिल्याच दिवशी लिफ्टपाशी तिनं स्क्रीन धरली, तर त्यावर शब्द होता: वय. मी चाट पडले. ना ओळख ना पाळख, नाव विचारायच्या आधी वय? पुण्यात कोणी असं विचारलं असतं तर मी चांगलं सुनावलं असतं. पण परका देश, परकी बाई. सांगितलं, तीस. तिचा चेहरा खुलला. तिनं टाइप केलं, एकतीस, आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाली, "ऑन्नी."

त्यांच्यात थोरल्या बहिणीला धाकटी बहीण ऑन्नी म्हणते, हे तिनं मला डिक्शनरीतून समजावलं. समोरचं माणूस मोठं की लहान हे कळल्याशिवाय त्यांना बोलताच येत नाही. बोलण्याची तऱ्हाच बदलते, म्हणून आधी वय. मला गंमत वाटली. आपल्याकडे नाही का, आधी आडनाव आणि गाव काढून घेतात, मग पुढचं. तर ती झाली ऑन्नी, एका वर्षानं थोरली, आणि मी धाकटी. त्या दिवसापासून ती माझ्यावर थोरलेपण गाजवायला लागली. डबा भरून काकडीची किमची, म्हणजे त्यांचं तिखट लोणचं, द्यायची, मी नको म्हटलं तर डोळे मोठे करायची. माझ्या केसांना तेल बघून नाक मुरडायची. मला सख्खी बहीण नाही. मी ते सगळं आवडीनं करून घेत होते.

मुलीचं वय मी विचारलं नाही. ऑन्नीनंच जानेवारीत सांगितलं. एक तारखेला दार उघडून पोरीला पुढे केलं आणि चार बोटं दाखवली. चार वर्षांची झाली, असं मला कळलं. मला मूल नव्हतं तेव्हा, पण मत होतं. मत माझ्याकडे कशावरही असायचं. चार वर्षांची घोडी, आणि अजून डायपर? ऑन्नी तिला रुंद पट्ट्याच्या कापडानं पाठीला बांधून भाजी आणायला जायची. चार वर्षांची पोर पाठुंगळीला! नवऱ्याला मी म्हटलं, लाडावून ठेवली आहे, दुसरं काय. तो म्हणाला, बोलते का ती? आता मला काय कळणार? ती जे दोन-चार शब्द बोलायची ते कोरियनमधले. आपल्या मराठी पोराचे बोबडे बोल मला लगेच कळले असते. त्या भाषेत बोबडं कुठलं आणि स्वच्छ कुठलं, मला कसं समजावं? अंगानं जरा बारकी होती. कोरियन लोक बारकेच, असं म्हणून मी तोही विषय मिटवला.

मग मार्चमध्ये सार्स आला. आता ज्यांनी नंतरची मोठी साथ पाहिली आहे त्यांना त्याचं काही वाटायचं नाही, पण आम्ही तेव्हा कोऱ्या पाटीचे होतो. ऑफिसात दिवसातून दोनदा ताप मोजायचे आणि वहीत लिहायचे. शाळा काही दिवस बंद झाल्या. लिफ्टचं बटण मी किल्लीच्या टोकानं दाबायची. खाली MRT च्या नव्या स्टेशनचं काम चाललं होतं, तिथल्या धुळीनं कोणी खोकलं तरी फुटपाथवरची माणसं बाजूला सरकायची. ज्याला ताप आला त्याच्यासाठी वेगळी अँब्युलन्स येते, आणि घरच्यांच्या दाराशी नोटीस लागते, घरात कॅमेरा बसवतात, फोन आला की कॅमेऱ्यासमोर उभं राहून तोंड दाखवावं लागतं. हे खरं होतं. त्याच्यापुढचं खरं किती आणि अफवा किती, हे कोणालाच माहीत नव्हतं. आमच्या मजल्यावर एक अफवा अशी होती की लहान मुलाला नेलं तर आईला सोबत घेत नाहीत.

ऑन्नीचा नवरा तेव्हा कोरियात होता. कंपनीच्या कामाला गेला आणि तिकडच्या ऑफिसनं सांगितलं, साथ ओसरेपर्यंत परत जाऊ नका. म्हणजे ती आणि पोर, दोघीच. रविवारी ती चर्चला जायची, तिथे तिच्यासारख्या बऱ्याच कोरियन बायका यायच्या. तेही बंद झालं. दिवसभर त्या घरातून फोनवरच्या कोरियन बोलण्याचा आवाज यायचा. "ने, ने," असं ती सारखं म्हणायची. म्हणजे हो, हो. तिकडे तिची आई काहीतरी सांगत असायची आणि ही हो हो करत रडत असायची. दार बंद असलं तरी रडणं कळतं.

एप्रिलमधला एक मंगळवार. नऊ वाजता नवरा गेला, साडेनऊला बेल वाजली. ऑन्नी दारात, पोर पाठीला बांधलेली, दोघींचे गाल लाल. तिनं डिक्शनरी पुढे केली नाही. माझा हात धरला आणि पोरीच्या कपाळावर ठेवला. तापलेलं होतं. नाक वाहत होतं, डोळ्यांत पाणी होतं. पहिला विचार काय आला सांगू? मी हात लावला, आता मलाही होणार. मग दुसरा आला की आमच्या पीआरचा, इथे कायम राहण्याचा, अर्ज चालू आहे. पोरीचा विचार तिसरा आला. खोटं कशाला बोलू?

मी क्लिनिक म्हटलं. तिनं जोरजोरात मान हलवली आणि मग डिक्शनरी काढली. टाइप करताना दोनदा चुकली. स्क्रीनवर शब्द आला: हिरावून घेणे. मग तिनं माझ्या बेडरूमकडे बोट केलं, औषधांच्या खणाकडे. तो खण तिनं पाहिलेला होता. मीच कौतुकानं दाखवला होता.

आता इथे मी म्हणायला हवं होतं की नाही, आपण डॉक्टरकडे जाऊ, मी येते बरोबर. पण तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ना, त्या नजरेसाठी मी दीड वर्ष भुकेली होते. कोणीतरी पुन्हा काउंटरसमोर उभं होतं. माझी छाती फुगली. मी ऐटीत विचारलं, वय? आणि तिनं चार बोटं दाखवली.

तापाचं सिरप होतं, सर्दी-तापाचं मिळून. बाटलीवर लिहिलं होतं, चार वर्षांपुढे एक चमचा, त्याहून लहानांना डॉक्टरांच्या सल्ल्यानं. चार म्हणजे चार. दिला एक चमचा. शिवाय नाकासाठी अॅलर्जीचं दुसरं सिरप, तेही एक चमचा, कारण दुकानात आम्ही दोन्ही मिळून द्यायचो आणि गुण चांगला यायचा. दोन्हींत झोप आणणारं औषध होतं, हे मला माहीत होतं. झोपेल थोडी, असं मी खुणेनं सांगितलं. दुपारी बारा-साडेबाराला ताप परत चढला म्हणून ऑन्नी आली आणि मी दोन्ही बाटल्यांतलं पुन्हा एकेक चमचा दिलं. पोरगी थुंकत होती. मी तिचं नाक दाबून पाजलं. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

दुपारी तीनच्या सुमाराला बेल नाही, दारावर थापा. ऑन्नीच्या हातांवर पोर आडवी, मान लोंबलेली. आधी मला वाटलं झोपली आहे. मी तळपाय चोळले, गालावर चापट्या मारल्या, पाणी शिंपडलं. पापण्या थोड्या हलल्या आणि परत मिटल्या. श्वास चालू होता पण फार सावकाश, एक यायचा आणि दुसरा येईल की नाही म्हणून आम्ही दोघी तिच्या छातीकडे बघत राहायचो. ताप उतरलेला होता. चार वर्षांच्या मुलीला एवढ्यानं असं व्हायला नको, मी स्वतःला सांगत होते. नको व्हायला. म्हणजे हा रोगच असणार, सार्सच असणार.

अँब्युलन्स म्हटलं तर ऑन्नी किंचाळली असती, म्हणून टॅक्सी बोलावली. तिनं पासपोर्टची पिशवी माझ्या हातात कोंबली, कारण फॉर्म मीच भरणार होते. निघता निघता मी नवऱ्याला फोन केला. सगळं सांगितलं. तो दबक्या आवाजात म्हणाला, "बाटल्यांचं बोलू नकोस. फेकून दे त्या. आपण इथे पासवर आहोत, कळतंय ना?" त्याला दोष देत नाही. तो घाबरला होता, आणि मला तेच ऐकायचं होतं. मी दोन्ही बाटल्या पर्समध्ये टाकल्या, खालच्या कचराकुंडीत टाकायच्या म्हणून. टॅक्सी आधीच येऊन उभी होती. टाकायच्या राहून गेल्या.

टॅक्सीवाल्या अंकलनं आरशातून पोरीकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता चारही काचा खाली केल्या. रस्ताभर ऑन्नी पोरीच्या कानात काहीतरी पुटपुटत होती. मला एक अक्षर कळत नव्हतं. नाव घेत असेल, देवाला म्हणत असेल, रागावत असेल. एवढं मात्र कळत होतं की ती थांबली तर पोर श्वास घ्यायची थांबेल, असं तिला वाटत होतं. मलाही तसंच वाटायला लागलं.

हॉस्पिटलच्या बाहेर तंबू उभारलेले होते. गाऊन, मास्क, चष्मे घातलेल्या नर्सेस, नुसते डोळे दिसणाऱ्या. पोरीला बघून एकीनं लगेच तिला पलंगावर घेतलं आणि दुसरीनं फॉर्म माझ्या हातात दिला. नाव मी पासपोर्टवरून उतरवलं. मग जन्मतारखेचा रकाना आला. त्याच वेळी पलीकडे नर्सनं ऑन्नीला पोरीचं वय विचारलं आणि ऑन्नीनं चार बोटं वर केली.

माझ्यासमोर पासपोर्ट उघडा होता. जन्म डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला, सन दोन हजार. मी आधी म्हटलं, छपाई चुकली. मग बोटांवर मोजलं. परत मोजलं. पोर सव्वादोन वर्षांची होती.

डायपर. पाठुंगळी. ते दोन-चार शब्द. बारकं अंग. सगळं डोळ्यांसमोर होतं माझ्या पाच महिने, आणि मी मात्र नाकं मुरडत बसले होते. ऑन्नी खोटं बोलली असं मला त्या क्षणी वाटलं आणि तिचा इतका राग आला की फॉर्मवर पेन रुतलं. मग राग गेला आणि उरलं ते नुसतं भय. हा सार्स नव्हता. ही झोप माझ्या चमच्यांतून आली होती. चार चमचे.

नर्सनं विचारलं, काही औषध दिलंय का? मी म्हणाले, नाही.

शब्द तोंडातून गेला. तिनं लिहून घेतलं. पोरीला आतल्या दाराकडे न्यायला लागले. मग एक डॉक्टर बाहेर आला, त्यानं फॉर्म वाचला आणि मला सांगितलं, कारण इंग्रजी समजणारी मीच होते. ताप आणि शुद्ध हरपणं, त्यामुळे संशयित म्हणून वेगळ्या खोलीत ठेवावं लागेल, पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासावं लागेल, आणि आईला आत जाता येणार नाही. आईला समजावून सांगा, म्हणाला. ऑन्नी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला काय बोललं गेलं ते कळलं नव्हतं, पण तिनं माझी ओढणी मुठीत धरली होती, भाजीबाजारात पोर हरवेल म्हणून आई धरते तशी. इथे हरवणार होती ती पोर, आणि हिनं धरलं होतं मला.

पर्समध्ये बाटल्या एकमेकींवर आपटल्या. मी त्या बाहेर काढल्या आणि डॉक्टरच्या हातात दिल्या.

"ती चार वर्षांची नाही, सव्वादोन वर्षांची आहे," मी म्हणाले. "आणि हे दोन्ही मी पाजलंय. दोन वेळा. त्यात काय आहे ते तिच्या आईला माहीत नाही."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त वेळा विचारल्या, चमचा केवढा ते विचारलं, बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचली आणि पळत आत गेला. मी कधी डॉक्टरला पळताना पाहिलं नव्हतं. पाच मिनिटांत निरोप आला की आईला आत पाठवा.

पण त्याआधी तिला सांगायला हवं होतं. नर्सनं कुठूनशी एक कोरियन बाई माझ्या मोबाइलवर मिळवून दिली, इथल्याच कोरियन लोकांपैकी, अडीअडचणीला भाषांतर करून देणारी. आधी मी तिला इंग्रजीत सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, आमच्यात बाळ जन्मतं तेव्हाच एक वर्षाचं असतं, आणि नवीन वर्ष लागलं की सगळ्यांचं वय एकेकानं वाढतं, वाढदिवस कधीही असो. डिसेंबरच्या शेवटी जन्मलेलं मूल आठवड्यात दोन वर्षांचं होतं. तुम्ही जन्मतारीख का नाही विचारलीत? ती म्हणाली, फोन तिला द्या.

मी फोन ऑन्नीच्या हातात दिला. ते दोन-तीन मिनिटांचं बोलणं मी जन्मात विसरणार नाही. त्यातलं मला एकच अक्षर कळत होतं. "ने," ती म्हणाली. "ने." तिची नजर आधी जमिनीवर होती. मग ती वर आली आणि माझ्या चेहऱ्यावर थांबली. "ने," ती म्हणाली, फार हळू. पलीकडची बाई नेमकं काय सांगत होती? नर्सला मी आधी नाही म्हणाले होते, हे मी त्या बाईला सांगितलं होतं का? मला आठवेना. मला वाटत होतं तिनं ओरडावं, मला मारावं. तिनं फोन बंद केला, माझ्या हातात दिला, माझी ओढणी सोडली आणि आत निघून गेली. मागे वळून पाहिलं नाही.

मी तंबूबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले. कोणी थांबा म्हटलं नव्हतं, कोणी जा म्हटलं नव्हतं. दर थोड्या वेळानं नर्स यायची आणि माझाच ताप मोजून जायची. नवऱ्याचे फोन येत होते. मी एकदा उचलला आणि सांगितलं, मी सांगून टाकलंय. तो म्हणाला, काय केलंस हे. मग थोड्या वेळानं त्यानंच परत फोन करून विचारलं, पोर कशी आहे? मला माहीत नव्हतं. मी देवाला म्हटलं, आमचा पास जाऊ दे, दुकान जाऊ दे, मला मूल नाही झालं तरी चालेल. असले सौदे मी आयुष्यात कधी केले नव्हते. आतून एखादी आई रडल्यासारखा आवाज आला की मी उभी राहायची. तीनदा राहिले. तिन्ही वेळा दुसरंच कोणी होतं.

उजेड असतानाच, साडेसहाच्या आसपास, त्या भाषांतर करणाऱ्या बाईचा फोन आला. पोरीनं डोळे उघडले. पाणी मागितलं. श्वास नीट चालला आहे. साधीच सर्दी आहे बहुतेक, पण रात्रभर लक्ष ठेवतील. आई तिच्याजवळच आहे. मी विचारलं, ती माझ्याबद्दल काही म्हणाली का? पलीकडून उत्तर आलं, नाही. बरं झालं तुम्ही बोललात, असं ती बाई स्वतःचं म्हणून म्हणाली, आणि फोन ठेवला. मी खुर्चीत बसून हमसून हमसून रडले. नर्सनं लांबूनच टिश्यूचं पाकीट टेबलावर ठेवलं.

आमचं काही झालं नाही. कोणी चौकशीला आलं नाही, पासही गेला नाही. ओळखीच्या बायकांना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, कबूल करायची काय गरज होती? मी खण रिकामा केला. सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या, गोळ्या कचऱ्यात टाकल्या. डोकं दुखलं तर क्लिनिकमध्ये जायची आणि तासभर रांगेत बसायची. नवरा म्हणायचा, अतिच करतेस. करत होते.

पोर दुसऱ्या दिवशी घरी आली. मी दाराच्या भोकातून पाहिलं. आईच्या पाठीला बांधलेली होती आणि पाय हलवत होती. दार उघडायचं धाडस झालं नाही. पुढे आठ महिने ऑन्नीनं माझ्याशी शब्द काढला नाही. लिफ्टमध्ये भेटली तर मान किंचित झुकवायची, तीही परक्याला झुकवतात तशी. डिक्शनरी कधी बाहेर काढली नाही. साथ गेली, तिचा नवरा परत आला, चर्चमधल्या बायका पुन्हा तिच्याकडे यायला लागल्या. त्यांचा घोळका लिफ्टमधून निघाला की मी उगाच पर्समध्ये किल्ली शोधत राहायची. सगळ्यांना माहीत असणार. माझ्याकडे बघून त्या कोरियनमध्ये बोलायच्या आणि मला वाटायचं, प्रत्येक शब्द माझ्यावरच आहे. कदाचित त्या भाजीचे भाव बोलत असतील. समोरच्या घरात पोर जरा जास्त वेळ गप्प असली की मी दाराला कान लावून उभी राहायची. रडली की जीव भांड्यात पडायचा.

एक जानेवारीला सकाळी बेल वाजली. भोकातून पाहिलं तर ऑन्नी, हातात झाकलेला वाडगा, आणि पोर शेजारी उभी. मी कडी काढली.

वाडग्यात गरम सूप होतं, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या चकत्यांचं. वर अंड्याच्या पिवळ्या पट्ट्या. आठ महिन्यांनी तिनं डिक्शनरी काढली आणि तुकड्यातुकड्यानं सांगितलं. नवीन वर्षाचं सूप. मांस घातलेलं नाही. हे खाल्लं की एक वर्षानं मोठं होतं माणूस. मग तिनं टाइप केलं, जन्म, साल. मी माझं जन्मसाल बोटानं दाराच्या चौकटीवर काढून दाखवलं. ती बघत राहिली. तिचं साल माझ्या सालानंतरचं होतं; तिची एकतीस कोरियन होती, माझी तीस आपल्याकडची. तिच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून थोरली मीच होते.

"ऑन्नी," ती मला म्हणाली. हसली नाही. म्हणायला तिला जड गेलं, ते दिसलं मला.

मी खाली वाकून पोरीच्या गालाला हात लावला. चांगली उंच झाली होती. काहीतरी विचारायचं म्हणून मी खुणेनंच विचारलं, आता केवढी झाली? ऑन्नीनं अभिमानानं हात वर केला आणि पाचही बोटं पसरली. मग तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. माझा हात पोरीच्या गालावरून केव्हा निघाला होता, मलाही कळलं नव्हतं.

तिनं अंगठा मिटला, करंगळी मिटली, आणि उरलेली तीन बोटं मला नीट दिसतील अशी तशीच धरून उभी राहिली.